काणाडोळा

ताइस्तो आला तेव्हा दुकान उघडून दहाच मिनिटं झाली होती.
बाहेर उणे एकोणीस, भुवयांवर दंव.
खोकं काउंटरवर ठेवलं, वर पावती,
कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केलेली.
कागद गिरणीत उभी हयात गेली त्याची.

"परत घ्या," म्हणाला.

मीच विकला होता हा चष्मा, ऑक्टोबरात.
उजव्या काडीशी मोहरीएवढा कॅमेरा,
समोरच्याला कळावं म्हणून शेजारी पांढरा दिवा.
चेहरे राहतात गं, नावं गळतात, असं म्हणाला होता.
हा कानात सांगेल ना नाव?
सांगेल, म्हटलं.
आणि सांगायचा तो. त्यात खोट नव्हती.

फॉर्मवर रकाना होता: परत करण्याचं कारण.
मी पेन उचललं, तर त्यानं पडदा माझ्याकडे वळवला.
"तूच बघ."

ट्रामचा थांबा. आमच्या टाम्पेरेत
दोन माणसांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर असतंच.
पहिल्या दिवशी तेवढंच.
आठवड्यानं पाहिलं तर सगळा थांबा
त्याच्यापासून दूर, बर्फात जाऊन उभा.

मार्केट हॉलमधली पुल्मु.
तीस वर्षं काटा स्थिर झाल्यावर
ती त्याच्या पुडीत सॉसेजचा एक तुकडा वर टाकते
आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.
चित्रात ती वजन करते, पुन्हा करते,
सुरीनं चिमूटभर कापून काढून घेते.
चारशे ग्रॅम. बरोबर चारशे.
"तिचं नाव सांगितलं यानं," ताइस्तो म्हणाला,
"मला ते कधी विसरायलाच झालं नव्हतं."

मग जिना.
तिसऱ्या मजल्यावरचा यार्को तुरुंगातून आल्यापासून
तो उतरताना आख्खी इमारत
आपापल्या टपालपेटीत काहीतरी शोधत असते.
पेट्या रिकाम्या असतात. त्यालाही माहीत आहे.
चित्रात यार्को भिंतीकडे तोंड करून उभा,
मानेवर हात ठेवून,
ताइस्तो जाईपर्यंत.

सौनाचं चित्रण नव्हतं.
"तिथे कपाटात ठेवून जायचो. कुलूप लावून."
मग?
"वरच्या बाकावर एकटाच. पाणी टाकायलाही कुणी नाही.
सांगितलं, बंद आहे रे तो, बाहेर आहे.
तर रेइमा म्हणाला,
बंद आहे हे तुला माहीत."

बनवणाऱ्यांनी पुष्कळ विचार केला असेल.
थंडीत टिकणारी बॅटरी, पाण्यात न भिजणारी काच,
आणि तो दिवाही, सभ्यपणा म्हणून.
पापणी बसवायची राहिली.
डोळ्याला बघायला कुणी शिकवत नाही,
पण बघितलं तरी बघितलं नाही,
हे शिकताना माझी मुलगी सात वर्षांची झाली
आणि अजून चुकते.

पैसे परत केले.
त्याची जुनी तपकिरी फ्रेम खिशात होती,
एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली.
तार काढली, स्क्रू बसवला, काच पुसली.
किती झाले, म्हणाला. मी ऐकलं नाही.

दारापाशी जाऊन तो वळला.
"येतो मग..." आणि तोंड उघडंच राहिलं.
मी या दुकानात अठरा वर्षं आहे.
दर हिवाळ्यात त्यानं मला नावानं हाक मारली आहे.

मी स्क्रूंची डबी ओढली
आणि खाली मान घालून
एकसारखे स्क्रू निवडत बसले,
लहानातले लहान, पुन्हा पुन्हा तेच,
दाराची घंटा वाजेपर्यंत.